यंदा कुणी काय करायचं

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मोहोर छान आहे, पहिल्या मोहोराची कैरी वाटाण्याएवढी धरलीय." मागून आईचा आवाज आला, "आणि हे सकाळी शिडी लावून पडवीवर चढले होते, ते पण सांगा." म्हणून हे पत्र. फोनवर काही बोललं की बाबा "हो हो" म्हणून आईकडे फोन देतात. कागद तसा कुणाकडे देता येत नाही.

फाल्गुनात घरात आणि आगरात काय काय करायचं असतं, हे तुम्हाला शिकवणारी मी कोण? जे येतं ते तुमच्याकडूनच आलंय. मला लिहायचंय ते एवढंच, की यंदा त्यातलं कुठलं काम कुणी करायचं. काही तुम्ही करा, काही गड्याकडून करून घ्या, आणि काही सरळ सोडून द्या.

आधी कौलं. वानरांनी फोडली आहेत, मान्य. पण पाऊस जूनमध्ये, आत्ता वर जायचं कारणच नाही. बाबा, भर दुपारी दिवे बंद करून माजघरात आणि पडवीत उभे राहा आणि वर बघा. कवडसा पडेल तिथलं कौल गेलं समजा. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूनं फुली मारा आणि वहीत आकडा लिहा. शाकारणीवाला आला की त्याला फुल्या दाखवायच्या. त्याला निरोप मात्र आत्ताच द्या, कारण मे महिन्यात तो कुणालाच सापडत नाही. शिडी शेजारी नेऊन ठेवायला मी आईला सांगितलं आहे. रागावलात तरी चालेल.

आता आंब्याची कलमं, कारण बाबांचा जीव तिथे आहे. भुरी, म्हणजे मोहोरावरची पांढरी बुरशी, दिसली तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, दहा लिटरला 20 ग्रॅम, हे तुम्हाला पाठच आहे. ते सकाळी लवकर मारायचं, उन्हाचा चटका असताना नाही, नाहीतर पालवी करपते. तुडतुड्यांचं औषध मात्र फुलं उमललेली असताना नको. मधमाश्या मेल्या तर फळ धरणार कसं? यंदा थंडी लांबली, त्यामुळे दुसऱ्यांदा मोहोर आला असेल तर जुनी कैरी थोडी गळणारच. त्याचं दुःख करत झाडाखाली बसू नका. वाटाणा, गोटी आणि अंडं, या तिन्ही टप्प्यांवर एक टक्का पोटॅशियम नायट्रेट फवारलं की गळ कमी होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची तशी शिफारसच आहे. फवारणी तुम्ही करायची नाही. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो, आणि तो पाठीवर घेऊन उतारावर चालायचं तुमचं वय राहिलेलं नाही. गडी मारेल. तुम्ही ओट्यावर बसून औषध मोजून द्या आणि तो तोंडाला फडकं बांधतोय की नाही ते बघा. ते तुमच्याइतकं काटेकोर कुणी करणार नाही.

पाणी दर पंधरा दिवसांनी, कलमाला दीडशे ते दोनशे लिटर, फळ अंड्याएवढं होईपर्यंत. बुंध्याशी ओतायचं नाही, फांद्यांच्या घेराखाली सोडायचं. बादल्या वाहू नका, पंपाला नळी लावून घ्या, नळीचे पैसे मी पाठवते. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद. फळमाशीचे रक्षक सापळे गेल्या वर्षीचेच असतील तर त्यातलं औषध बदलायला लागेल. काढणीला नूतन झेला, म्हणजे जाळी लावलेली लांब काठी, आहेच, झाडावर चढायचा प्रश्नच येत नाही.

पालापाचोळ्याबद्दल माझं आणि बाबांचं जमत नाही. तुम्ही तो गोळा करून पेटवता. तो आळ्यात पसरला तर ओल टिकते, फक्त बुंध्यापासून वीतभर लांब ठेवायचा, नाहीतर वाळवी लागते. नारळाच्या आळ्यात सोडणं, म्हणजे नारळाची सालं, आहेतच. उलट गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेचं गवत मात्र आत्ताच दहा फूट साफ करून घ्या. डोंगरावरून वणवा उतरला तर आधी तिथेच पेट घेतो, आणि कलमं वाढवायला गेलेली वर्षं कुणी परत देत नाही. हे काम पैसे देऊन करून घ्या, यात काटकसर नको. पाचोळा दाताळ्यानंच ओढायचा, हातानं नाही. फुरशासारखा विषारी साप त्याच रंगाचा असतो, दिसतच नाही. आई, लाकडाच्या खोपीतही आधी काठीनं आपटून मगच हात घाल, आणि संध्याकाळनंतर घालूच नकोस. देव न करो, पण चावलंच तर बांधणं, कापणं, मंत्र काही नको. पाय न हलवता गाडी बोलावून थेट सरकारी दवाखान्यात जायचं, लस तिथे मिळते.

आईची कामं. मोगऱ्याची छाटणी झाली नसेल तर या आठवड्यात कर, पुढं उशीर होईल. छाटल्यावर शेणखत आणि पाणी दिलंस की चैत्रात कळ्या येतील. जास्वंदीवर पांढरा पिठ्या आला असेल तर साबणाचं पाणी मारून बघ, दोन-तीनदा मारावं लागतं. गोधड्या धुवायच्या असतील तर मदतीला बाईला बोलाव. भिजलेली गोधडी विहिरीवर एकटीनं पिळायची नाही, मनगट अजून दुखतंय ना? ब्लँकेटं नुसती दोन्ही बाजूंनी ऊन दाखवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत टाकली तरी पुरे. अंगण सारवणं हे शिमग्याची पालखी येण्याआधी व्हायला हवं, मला कळतं. ते करायला शेजारच्या सुना येतील, तू नुसतं बोलावलंस तरी.

टाकी धुऊन झाली की विहिरीच्या पाण्याला ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला अडीच ग्रॅम, मग अर्धा तास थांबायचं. पंखे मी आल्यावर पुसू. माजघरातला हळू फिरतोय तो कंडेन्सर असेल, वायरमनला सांगा.

बारा ते चार दोघांनीही बाहेर जायचं नाही. बाबांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि मार्चमध्ये आपल्याकडे घाम किती जातो ते तुम्हाला माहीत आहे. गड्याची मजुरी महिन्याच्या सुरुवातीला तुमच्या खात्यात येईल. "कशाला?" असं विचारू नका, विचारलंत तर मी शिमग्याला यायची ते थेट पाडवा करूनच परत जाईन.

तुमची,
सुमी

ता. क. आई, कडवे वाल नीट वाळवून राखेत घालशील तेव्हा माझ्यासाठी थोडे बाजूला काढ. इथे बाजारात मिळतात त्यांना भोकं असतात.