जनरेटरचा ठराव करण्याआधी इमारतीचा भार मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात. दुकाने आणि कार्यालये असलेल्या अनेक व्यापारी संकुलांच्या विषयपत्रिकेवर या सुमारास जुना जनरेटर काढून नवा घेण्याचा ठराव येतो. तीन कंत्राटदारांची दरपत्रके वाचून दाखवली जातात, त्यांतले सर्वांत स्वस्त मंजूर होते आणि गाळेधारक आपापल्या वर्गणीचा आकडा टिपून घरी जातात. तिन्ही दरपत्रकांत क्षमता एकच का, आणि ती कशावरून काढली, हे मात्र सहसा विचारले जात नाही. पुष्कळदा ती आवारातल्या रोहित्रावरून (ट्रान्सफॉर्मरवरून) घेतलेली असते: रोहित्र ३१५ केव्हीएचे (केव्हीए हे विद्युत क्षमतेचे माप), म्हणून जनरेटर ३२० केव्हीएचा. व्यापारी इमारतींच्या विद्युत कामांशी माझा दीर्घकाळ संबंध असल्याने, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे आणि त्याची किंमत गाळेधारकांना पुढची पंधरा-वीस वर्षे मोजावी लागते, हे आपल्या पत्रामार्फत वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

रोहित्र निवडताना संपूर्ण इमारतीचा, भविष्यातल्या वाढीसकट भार, म्हणजे एका वेळी लागणारी वीज, धरलेला असतो. वीज गेल्यावर यातले काय चालू राहिलेच पाहिजे, हा प्रश्न वेगळा आहे आणि जनरेटरची क्षमता त्याच्या उत्तरावर ठरते. समजा, पुण्यातले एक सहा मजली संकुल आहे. प्रत्येकी १० अश्वशक्तीच्या दोन लिफ्ट म्हणजे १५ किलोवॅट, पाण्याचा साडेसात अश्वशक्तीचा पंप म्हणजे साडेपाच किलोवॅट, जिने आणि वाहनतळाचे दिवे ८ किलोवॅट, तळघरातले हवा खेळती ठेवणारे पंखे ११ किलोवॅट आणि सांडपाणी प्रक्रियेची यंत्रणा ५ किलोवॅट. हा सामायिक भार ४५ किलोवॅटच्या आत बसतो. कार्यालयांचे दिवे, संगणक आणि सर्व्हर यांसाठी आणखी ४० किलोवॅट धरले, तर बेरीज ८५ च्या घरात जाते. आपल्याकडे जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये आणि ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा, म्हणजे किलोवॅटचा, वाटा) गृहीत धरून सांगतात. त्यामुळे ८५ किलोवॅट म्हणजे १०६ केव्हीए. यंत्र नेहमीच्या वापरात पूर्ण क्षमतेच्या पाऊण भारावर चालावे, या हिशेबाने १४२ केव्हीए येतात आणि बाजारात मिळणारे त्याच्या वरचे माप १६० केव्हीएचे आहे. रोहित्रावरून काढलेल्या आकड्याच्या हे बरोबर निम्मे आहे.

या यादीत वातानुकूलन नाही, असा आक्षेप सभेत लगेच येईल आणि तो रास्त आहे. वातानुकूलन जनरेटरवर हवे की नको, हा गाळेधारकांनी मतदान करून घ्यायचा निर्णय आहे. तो कंत्राटदाराने परस्पर घ्यायचा नसतो. हवे असेल, तर महावितरणच्या उच्चदाब बिलावर दर महिन्याला कमाल मागणी केव्हीएमध्ये छापलेली असते. गेल्या किमान बारा महिन्यांची बिले, विशेषतः एप्रिल आणि मेची, सभेपुढे ठेवावीत. जिथे सामायिक आणि कार्यालयीन भार वेगळे मोजायचे आहेत, तिथे मुख्य पॅनेलवर आठवडाभर नोंद करणारे मीटर लावून घ्यावे; नव्या जनरेटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. वरची बेरीज फक्त चालू राहिलेच पाहिजेत अशा भारांची आहे; इमारतीतल्या सगळ्या उपकरणांच्या पाट्यांवरच्या आकड्यांची बेरीज करून क्षमता ठरवणे हीसुद्धा चूकच आहे, कारण सगळी उपकरणे एकाच क्षणी पूर्ण भारावर कधीच चालत नाहीत.

तरीही नुसत्या किलोवॅटच्या बेरजेवर थांबून चालत नाही. खरी कसोटी मोटारी सुरू होताना लागते. अग्निशमनाच्या ५० अश्वशक्तीच्या पंपाचे उदाहरण घ्या. चालू असताना तो साधारण ४७ केव्हीए घेतो. पण डीओएल स्टार्टरने, म्हणजे मोटार थेट पूर्ण व्होल्टेजवर जोडून, सुरू केला, तर पहिले काही सेकंद तो सहा-सात पट प्रवाह ओढतो, म्हणजे पावणेतीनशे ते सव्वातीनशे केव्हीए. तेवढ्या वेळात व्होल्टेज इतके खाली येऊ शकते, की लिफ्टचे कॉन्टॅक्टर (वीज जोडणारे-तोडणारे स्विच) सुटतात आणि संगणक बंद पडतात. तोच पंप मोटार आधी कमी व्होल्टेजवर फिरवणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरने सुरू केल्यास मागणी सुमारे एक तृतीयांशावर येते. लिफ्टला आणि मोठ्या पंख्यांना व्हीएफडी (मोटारीचा वेग हळूहळू वाढवणारे उपकरण) असेल, तर सुरुवातीचा झटका जवळपास नाहीसा होतो. अनेक ठिकाणी काही हजारांचा स्टार्टर बदलण्याऐवजी काही लाखांचा मोठा जनरेटर विकला जातो, याची मला मनापासून खंत वाटते. जनरेटरची वीज सुरू झाल्यावर सगळे भार एकदम न टाकता आधी दिवे, मग लिफ्ट, मग पंप असे काही सेकंदांच्या अंतराने घेण्याची सोय स्वयंचलित पॅनेलमध्ये करता येते. तिचाही विचार दरपत्रक मागवतानाच व्हायला हवा. अग्निशमनाचा पंप, जिन्यांत हवेचा दाब राखणारे पंखे आणि अग्निशमन दलाची लिफ्ट यांना कोणत्याही परिस्थितीत वीज मिळाली पाहिजे, आणि आगीच्या वेळी बाकीचे भार आपोआप तुटले पाहिजेत. या बाबतीत काटकसर कोणीही सुचवू नये.

‘मोठा घेतला तर बिघडले कुठे, पुढेमागे उपयोगी पडेल,’ हे वाक्य प्रत्येक सभेत ऐकू येते. त्याने बरेच बिघडते. वरच्याच संकुलात ३२० केव्हीएचा, म्हणजे २५६ किलोवॅटचा जनरेटर बसवला आणि संध्याकाळी कार्यालये सुटल्यावर ३० किलोवॅटचा भार उरला, तर यंत्र जेमतेम १२ टक्क्यांवर चालते. डिझेल इंजिन दीर्घकाळ ३० टक्क्यांच्या खाली चालले, की ते पुरेसे तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही, काजळी आणि न जळलेले डिझेल धुराड्यात साचते, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात आणि वंगणतेलाचा खप वाढतो. शिवाय अशा भारावर एका लिटर डिझेलमागे मिळणाऱ्या वीज युनिटांची संख्याही घसरते. योग्य भारावर लिटरमागे साधारण साडेतीन युनिट मिळतात, आणि तरीही जनरेटरची वीज महावितरणच्या विजेच्या मानाने महागच पडते.

१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सीपीसीबी चार-प्लस ही मानके लागू झाल्यापासून हा मुद्दा अधिकच गंभीर झाला आहे. मध्यम क्षमतेच्या यंत्रांत आता धुरावर युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा असते, आणि धूर साधारण २०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय ती नीट काम करत नाही. जुना अवाढव्य जनरेटर कमी भारावर नुसता धूर ओकत असे. नव्यात तीच परिस्थिती महागड्या यंत्रणेत स्फटिक आणि काजळी साचवते, इशाऱ्याचे दिवे लागतात आणि शेवटी इंजिनाची शक्ती आपोआप कमी केली जाते. क्षमता वाढली की धुराड्याची उंचीही वाढते. इमारतीच्या उंचीवर, केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणून येतील तितके मीटर धुराडे न्यावे लागते: १६० केव्हीएला अडीच मीटर, ३२० ला साडेतीनहून अधिक.

दिवसा मोठा आणि रात्री अगदी थोडा भार ज्या संकुलात खरोखरच असतो, उदाहरणार्थ जिथे रक्ततपासणीची प्रयोगशाळा किंवा छोटे रुग्णालय आहे, तिथे एकाच मोठ्या यंत्राऐवजी समांतर चालणारी दोन लहान यंत्रे घ्यावीत. रात्री एकच चालते, एक दुरुस्तीला गेले तरी लिफ्ट थांबत नाही. सुरुवातीचा खर्च जास्त येतो, पण माझ्या मते अशा इमारतींना दुसरा योग्य पर्याय नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. पॉवर फॅक्टर सुधारणारे कॅपॅसिटर पॅनेल जनरेटर चालू असताना बंद राहिले पाहिजे. ते चालू राहिले आणि भार कमी असला, तर व्होल्टेज वाढून यंत्र ट्रिप होते, आणि ‘जनरेटर लहान पडतोय’ असा नेमका उलटा निष्कर्ष काढला जातो. उंचीचा आणि उष्णतेचा परिणामही ध्यानात घ्यावा. महाबळेश्वरसारख्या १,३०० मीटरहून उंच ठिकाणी आणि चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात यंत्राची प्रत्यक्ष क्षमता किती उरते, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाच वेळी बंद पडला आणि काही भागांत तो सुरळीत व्हायला बरेच तास लागले. अशा वेळी केव्हीएपेक्षा टाकीतले डिझेल महत्त्वाचे ठरते. ८५ किलोवॅटच्या भाराला तासाला सुमारे २४ लिटर लागतात, म्हणजे आठ तासांसाठी दोनशे लिटर हाताशी हवेत. हा आकडाही ठरावात असावा.

गाळेधारकांना माझी कळकळीची विनंती आहे की, सभेत दरपत्रक मंजूर करण्याआधी भारांची यादी, बारा महिन्यांची कमाल मागणी, प्रत्येक मोठ्या मोटारीचा स्टार्टर कोणता आणि कोणते भार कोणत्या क्रमाने येणार, ही माहिती एका कागदावर लेखी मागावी आणि तो कागद इतिवृत्ताला जोडावा. यंत्र ताब्यात घेताना विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीखेरीज, भाड्याने मिळणारी लोड बँक (जनरेटरवर कृत्रिम भार टाकणारे यंत्र) आणून पूर्ण भारावर निदान एक तासाची चाचणी आणि सर्वांत मोठी मोटार सुरू होतानाचे व्होल्टेज यांची नोंद करून घ्यावी, आणि शेवटचा हप्ता त्या नोंदीवर सही झाल्यानंतरच द्यावा.

आपला विश्वासू,
एक विद्युत अभियंता, पुणे