गाडी घेताय, तर हा हिशोब बघ

कराड,
११ जानेवारी २०२६

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. मारुती डिझायर की होंडा अमेझ, नवी की सेकंड हँड, असं विचारलंयस. फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वहिनींना सांग, सीएनजीचा हट्ट सोडा. तुमचं फिरणं महिन्याला फार तर ७०० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १८ धरलं, तर वर्षाला ४९ हजार लागतील. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २५ किलोमीटर धरलं, तर ३० हजार. वाचले १९ हजार. पण नव्या सीएनजी गाडीला जवळजवळ लाखभर जास्त मोजावे लागतात, ते फिटायलाच पाच वर्षं जातील. वर डिकी सिलिंडरने भरते. काकूंची व्हीलचेअर कुठे ठेवणार? तू रोज रत्नागिरीला जाऊन-येऊन करत असतास, तर मीच सीएनजी घे म्हणालो असतो.

खरा पैसा जातो तो घसाऱ्यात. विम्याचं कोष्टक बघ: गाडी वर्षाची होताना किंमत १५ टक्क्यांनी उतरते, पाच वर्षांची होताना ५० टक्क्यांनी. बाजारात डिझायरला याहून बरा भाव येतो, पण कोष्टकच धरलं तर नऊ लाखांवर वर्षाला ९० हजार गेले. पेट्रोलच्या जवळपास दुप्पट! म्हणून तुझा सेकंड हँडचा विचार मला मनापासून पटतो. एक गोष्ट मात्र नव्या डिझायरच्या बाजूने आहे. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळवणारी ती पहिली मारुती. बजेट ताणता येत असेल, तर याचा विचार जरूर कर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंगची, जुलै २०२१ च्या आधीची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. त्या महिन्यात चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून चकाचक करता येतात, पण वायरिंगमध्ये गेलेलं पाणी पुढे कधीही त्रास देतं. नंतरची गाडी असली तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, टोकाला गाळाची रेघ दिसते का. स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघ, सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का बघ. २०२२ किंवा नंतरची, पेट्रोल, मॅन्युअल घे. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जादा कवच, सहज मिळतं, पुढे अनेक कंपन्या टाळतात. चिपळुणात ते हवंच. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारला, की इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत.

अमेझही भरवशाची आहे, चार सिलिंडरचं इंजिन घाटात छान ओढतं. पण डिझायरचा लोअर आर्म म्हण, क्लच प्लेट म्हण, कोकणात कुठल्याही गॅरेजला मिळते, विकतानाही गिऱ्हाईक लगेच येतं. मी डिझायरच घेईन. तरी काकूंना दोन्ही गाड्यांत बसवून, उतरवून बघ. त्यांचे गुडघे दुखणार असतील, तर माझं मत बाजूला ठेव.

गाडी पसंत पडली की टोकन देण्याआधी सर्व्हिस रेकॉर्डचा फोटो पाठव. आमच्या मेस्त्रींना घेऊन मी कुंभार्ली घाट उतरून येतो.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
संजय