दहावीला नाचाचे गुण चालतात, मग नाच शिकवणारी का चालत नाही? शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

जून लागला आणि शाळेतून व्हॉट्सॲपवर दोन ओळी आल्या, मॅडम यंदा नृत्याच्या तासिका टाइमटेबलमध्ये बसत नाहीत, गॅदरिंगला बाहेरून कोरिओग्राफर बोलवतोय. मार्चमध्ये हेच लोक सांगत होते की तुमचं कायम करायचं बघतोय म्हणून. पत्र नाही, सही नाही, काही नाही. इतकी वर्षं आठवी ते दहावीच्या पोरांना शिकवलं, ते असं मिटलं.

शाळेशी भांडून काय करू साहेब? संचमान्यतेत, म्हणजे शाळेला सरकार मंजूर करतं त्या शिक्षकपदांच्या यादीत, नृत्यशिक्षक नावाचं पदच नाही, मग शाळा मला कुठे दाखवणार? म्हणून तुम्हाला लिहितेय.

माझे वडील एसटीत कंडक्टर, घर मिरजेत. जिथे सतारी आणि तानपुरे बनतात त्या गावात गाण्याला केवढा मान, पण कंडक्टरची पोरगी कथकला जाते म्हटल्यावर शेजारी नाकं मुरडायचे. पुण्यात कथकच्या गुरू रोहिणीताई भाटेंनी नृत्यभारती ही संस्था सुरू केली ती 1947 साली, आणि आमच्या गल्लीत अजून तेच ऐकावं लागत होतं. तरी वडिलांनी फी भरली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत नृत्याच्या सातही परीक्षा दिल्या, मग पुण्याच्या ललित कला केंद्रात एम.ए. केलं. आणि नंतर कळलं की टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, नृत्याचा पेपरच नसतो! एवढं शिकून हातात आलं ते महिना 7 हजार, तेही दहा महिने, मे आणि जून कोरडे. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे मानधनावर नव्याने लागलेल्या शिक्षकाला, 2023 पासून 18 हजार मिळतात, त्यांनाही ते पुरत नाहीत हे मला माहितीये, पण निदान त्यांना पुढे कायम होण्याचा रस्ता तरी आहे, आमच्यासारख्यांना तोही नाही.

शिकवायला हॉल कधीच नव्हता. प्रयोगशाळेबाहेरच्या पॅसेजमध्ये, शहाबादी फरशीवर तत्कार, म्हणजे कथकचं पायकाम, घ्यायचे, आणि घुंगरू बांधायचे नाहीत कारण शेजारच्या वर्गात गणित चालू असतं. आज माझे दोन्ही गुडघे गेलेत. नववीतला एक मुलगा होता, सोळा मात्रांचा तीनताल हातावर धरताना नवव्या मात्रेला खाली (तिथे टाळी न देता हात बाजूला करायचा) दाखवायला हमखास चुकायचा, बाकीची पोरं हसायची, पण मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तो मोजत बसायचा, आणि एक दिवस त्याने आख्खा तोडा, म्हणजे नाचाच्या बोलांची रचना, तोंडाने म्हणत पढंत करून थेट समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणला. ते गॅदरिंगसाठी बाहेरून येणारा माणूस शिकवेल का? तो पेन ड्राइव्हवर गाणं आणतो, आठवडाभर स्टेप्स बसवतो आणि बिल घेऊन जातो.

आणि माझी खरी चीड पुढेच आहे. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा पास झालेल्या मुलांना तुमचंच शासन दहावीला वाढीव गुण देतं. त्याचे प्रस्ताव, सर्टिफिकेटच्या झेरॉक्स, मुख्याध्यापकांची सही, सगळं मीच करत होते. म्हणजे पोराची टक्केवारी वाढवताना नाच हा विषय आहे आणि शिकवणारीला पगार द्यायचा म्हटलं की तो छंद होतो, हे कुठल्या न्यायात बसतं? 2009 च्या आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळांना कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, द्यायचं लिहिलंय. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तर अभ्यासाचे विषय आणि कला यात भिंत नको असं लिहिलंय. अहो ती भिंत पाडायची जबाबदारी कुणाची, माझी? केरळमध्ये 1957 पासून राज्याचा शालेय कलोत्सव भरतो, पोरं वर्षभर त्याची तयारी करतात. आपल्याकडे 26 जानेवारीला पाहुणे आले की नाच हवा, एकदा टाळ्या पडल्या की झालं. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, कंत्राटी माणसं भरायची, मग सरकारी शाळांचा दर्जा घसरला म्हणून ओरडायचं, सगळ्याच खात्यांत हेच चाललंय. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुलं क्लास लावतील हो. भाजीवाल्याच्या पोरीने कथक शिकायचं तरी कुठे, मोबाईलवर रील बघून?

माझं जाऊ द्या, मी घरी क्लास घेऊन पोट भरेन. पण संचमान्यतेत नृत्याचं पद घाला, टीईटीला नाही तर निदान गांधर्वची विशारद आणि एम.ए. तरी पात्रता म्हणून धरा, आणि तोवर जे तासिकेवर शिकवतायत त्यांना बाराही महिने मानधन द्या. माझे तीन विद्यार्थी यंदा दहावीला आहेत, त्यांचे गुणांचे प्रस्ताव आता कोण भरणार ते शाळेलाही माहीत नाही, तेवढं तरी या आठवड्यात विचारा.

आपली,
एक नृत्यशिक्षिका, मिरज