काकू, सिस्टरताई आणि रक्त देणारा तो मुलगा

बाबांच्या उजव्या किडनीत साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली, तेव्हा किडनीच जाणार असं आम्ही धरून चाललो होतो. इंदूरच्या हॉस्पिटलात शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत बहुतेकदा किडनी वाचवता येते, डॉक्टरांना विचारा." बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे हे आमच्यासाठी फार मोठं होतं. रोबोटच्या मदतीने होणाऱ्या या ऑपरेशनात रोबोटचे हात डॉक्टरच चालवतात, रक्तवाहिनी काही मिनिटं चिमट्यात धरून गाठ कापतात आणि लगेच टाके घालतात, हे आईला कागदावर काढून दाखवणाऱ्या सिस्टरताई, आणि रामबागेतून येऊन रक्त देऊन नाव न सांगता गेलेला मुलगा, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. किडनी शाबूत आहे, किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, क्रिएटिनिन, तीही ठीक. काकू, काकांची तब्येत कशी आहे? जरूर कळवा.