‘1875 ची मूळ प्रत’ म्हणून 1890 नंतरची प्रत विकल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : कॅबिनेट कार्ड परत घेऊन पूर्ण रक्कम देण्याबाबत

महोदय,

आपल्या ऑनलाइन लिलावात आम्ही घेतलेल्या कॅबिनेट कार्डाचे (जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जुन्या फोटोचे) वर्णन असे होते : ‘अमेरिकेच्या सातव्या कॅव्हलरीतील अधिकारी, 1875, छायाचित्रकार डी. एफ. बॅरी, मूळ अल्ब्युमेन प्रत.’ (कॅव्हलरी म्हणजे घोडदळ; अल्ब्युमेन म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला फोटोचा कागद.) रेजिमेंटबद्दल आमचा वाद नाही. वर्ष, छायाचित्रकार आणि कागद मात्र तिन्ही चुकले आहेत.

फोटोखालच्या पुठ्ठ्यावर बॅरीच्या नावाशेजारी ‘वेस्ट सुपीरियर, विस्कॉन्सिन’ असे छापले आहे. बॅरी तिथे 1890 मध्ये गेला. त्याआधी तो डाकोटा टेरिटरीत (तेव्हा अजून राज्य न झालेल्या प्रदेशात) बिस्मार्कला होता, आणि तिथेही छायाचित्रकार ओर्लँडो गॉफच्या हाताखाली 1878 मध्ये लागला. म्हणजे 1875 मधला फोटो त्याने काढलेला असूच शकत नाही. निगेटिव्ह गॉफची असावी. गॉफच्या जुन्या निगेटिव्हवरून बॅरीने आपल्या नावाच्या पुठ्ठ्यावर प्रती विकल्या, हे संग्राहकांना चांगले ठाऊक आहे. अशी प्रत खोटी नव्हे, तिलाही संग्रहात मान आहे. पण सातव्या कॅव्हलरीचा जिथे पराभव झाला त्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईआधीच्या (जून 1876) प्रतीची किंमत तिला लावणे ही फसवणूक आहे.

आपल्या तज्ज्ञाने बहुधा गणवेशावरून वर्ष ठरवले. घोड्याच्या केसांचा पिवळा तुरा असलेले हे शिरस्त्राण 1872 च्या नियमांतले आहे, ते बरोबर. मात्र गणवेशावरून फोटो कधी काढला याचा अंदाज येतो. प्रत कधी निघाली ते पुठ्ठा आणि कागदच सांगतात. बिस्मार्कच्या पुठ्ठ्यावर टेरिटरीचे ‘डी. टी.’ असते, तर तो 2 नोव्हेंबर 1889 च्या आधीचा मानता आला असता, कारण त्या दिवशी डाकोटाची दोन राज्ये झाली. लिलावातल्या चित्रात नेमकी पुठ्ठ्याची खालची पट्टी कापलेली होती आणि मागची बाजू दाखवलीच नव्हती. याचा खुलासा हवा.

आता कागद. अल्ब्युमेनचा कागद पातळ असतो. दहापट भिंगाखाली अंड्याच्या थरातून कागदाचे तंतू दिसतात, बहुतेक वेळा बारीक तडेही. या प्रतीत तंतू अजिबात दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे आणि उजेडात तिरके धरल्यास गडद भागाच्या कडांना निळसर चांदीची झाक येते. ही जिलेटिनच्या, म्हणजे अल्ब्युमेननंतर आलेल्या कागदाची लक्षणे आहेत.

पाठवणीही निष्काळजी होती. कार्ड मऊ पीव्हीसीच्या पाकिटात, एकाच पातळ पुठ्ठ्यासह आले आणि डावा खालचा कोपरा दुमडून तुटला. पीव्हीसीतले मऊपणाचे द्रव्य फोटोच्या पृष्ठभागाला चिकटते. असे कार्ड पॉलिस्टरच्या पाकिटात घालून, चारी बाजूंनी किमान 2 सेंमी मोठ्या दोन नालीदार पुठ्ठ्यांमध्ये ठेवतात. दोन्हींच्या नाल्या एकमेकींना आडव्या ठेवल्या की पार्सल वाकत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. म्हणून पोस्टखर्चासह पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत करावी. आपल्याकडे ‘सातवी कॅव्हलरी, 1865’ असे आणखी एक कार्ड विक्रीला आहे. ही रेजिमेंट 1866 मध्ये उभी राहिली, तेव्हा ते वर्णनही आजच काढावे. यापुढे प्रत्येक कार्डाची मागची बाजू आणि पूर्ण पुठ्ठा चित्रात दाखवावा.

कार्ड आम्ही पॉलिस्टरच्या पाकिटात सपाट ठेवले आहे. ते नेण्यासाठी माणूस कधी येईल ते लेखी कळवावे.

आपले,
दोन ग्राहक, पुणे

सोबत : पावतीची प्रत, पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंचे आणि तुटलेल्या कोपऱ्याचे फोटो