डोगराईच्या पहिल्या सकाळची कागदपत्रे खुली करा

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार यांस,

सविनय नमस्कार.

६ सप्टेंबर १९६५, भारत-पाकिस्तान युद्ध. लेफ्टनंट कर्नल डेस्मंड हाइड यांच्या हाताखालची ३ जाट पलटण त्या सकाळी ग्रँड ट्रंक रस्त्याने लढत लाहोरच्या वाटेवरच्या डोगराई या पाकिस्तानी गावात शिरली आणि इच्छोगिल कालव्यापलीकडच्या बाटापूरपर्यंत धडकली. पुढे लाहोर होते. पण पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांच्या माऱ्यात पलटणीच्या रणगाडाविरोधी तोफा गेल्या, ब्रिगेडशी धड संपर्क राहिला नाही, कुमक आली नाही. त्याच दिवशी तिला माघारी बोलावण्यात आले.

ही माघार का झाली, हे मूळ कागदांतून वाचता यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

इच्छोगिल हा नुसता पाटाचा कालवा नव्हता. फाळणीनंतर पाकिस्तानने तो शेतीसाठी काढला, तसाच लाहोरच्या बचावासाठीही. पूल उडवले की रणगाडे अलीकडेच अडकणार आणि काठावरच्या पक्क्या मोर्च्यांतून त्यांच्यावर मारा होणार, अशी ती योजना. म्हणून पहिल्याच सकाळी पलीकडे रोवलेल्या पायाचे मोल फार मोठे होते. तो मागे घेतला आणि पाकिस्तानला डोगराई बळकट करायला दोन आठवडे मिळाले.

२१ सप्टेंबरच्या रात्री त्याच पलटणीला त्याच गावावर पुन्हा जावे लागले. जिवंत किंवा मृत, पण डोगराईतच भेटायचे, असे हाइड यांनी जवानांना बजावले होते. गल्लीगल्लीत संगिनींनी लढाई झाली. समोरच्या पलटणीचा कमांडर कैद झाला, गाव पडले. हाइड, मेजर आसाराम त्यागी आणि कॅप्टन कपिलसिंग थापा यांना महावीर चक्र मिळाले; त्यागी आणि थापा यांना मरणोत्तर. २३ तारखेच्या पहाटे साडेतीनला युद्धबंदी झाली. दक्षिणेला बर्कीजवळ याच कालव्याचा काठ लढवताना पाकिस्तानचे मेजर अझीझ भट्टी पडले. शत्रू असले तरी त्यांच्या शौर्याचा मान ठेवायलाच हवा.

पुढे ताश्कंद करारानुसार हा भाग परत दिला गेला. तो वाद मला उकरायचा नाही. मला बोचते ते दुसरेच. एकदा घेतलेले गाव पुन्हा घेताना जी माणसे गेली, त्यांच्या घरच्यांना पहिल्या माघारीचे कारण सांगोवांगी का कळावे? निर्णय चुकला असेल, कदाचित त्या घडीला दुसरा मार्गही नसेल. आठवणी आणि चरित्रे आपापली बाजू मांडतात. निवाडा मूळ कागदांवरच होऊ शकतो.

युद्धाच्या त्या दिवसांत आपल्या खुर्चीवर यशवंतराव चव्हाण होते आणि ते रोजनिशी लिहीत होते. राज्यकर्त्याने घडते ते नोंदवून ठेवावे, ही जाण त्यांना होती. आपल्याच मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार युद्धविषयक कागद सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी खुले व्हायला हवेत. ही मुदत १९९० मध्येच भरते.

म्हणून विनंती अशी : ६ सप्टेंबर १९६५ चे ३ जाट, तिची ब्रिगेड आणि १५ इन्फन्ट्री डिव्हिजन यांच्यातील संदेश, तिघांच्या युद्ध-दैनंदिन्या आणि माघारीचा आदेश कोणतीही काटछाट न करता राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत ऑनलाइन उपलब्ध करावेत. एखादा कागद सापडत नसेल किंवा नष्ट झाला असेल, तर तसे लेखी जाहीर करावे.

आपला,
युद्धेतिहासाचा एक वाचक