चीनसारखा कायदा मागण्याआधी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

‘लोकसंख्या रोखायची तर चीनसारखा एकाच मुलाचा कायदा हवा’ अशी पत्रं या सदरात अधूनमधून येतात, म्हणून लिहिते आहे. मुलीच्या नोकरीमुळे मी काही महिने शांघायला राहिले. तिथल्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी स्थळं बघण्याचा बाजार भरतो. जमिनीवर उघड्या छत्र्यांची रांग, प्रत्येकीवर चिमट्याने लावलेला कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट आहे की नाही. छत्रीमागे स्टुलावर आई नाहीतर वडील. ज्यांची लग्नं जमवायची ती मुलं मात्र कुठे दिसत नाहीत.

१९५० च्या विवाह कायद्याने याच देशात आई-वडिलांनी परस्पर लावलेली लग्नं बंद केली. बालपणीच ठरवून टाकलेल्या मुलींना, नांदणं असह्य झालेल्या बायकांना त्याने वाट दिली, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण लग्न घरच्यांच्या हातून सुटलं ते साहेबाच्या हाती गेलं. २००३ पर्यंत नोंदणीसाठी कामाच्या ठिकाणाहून पत्र आणावं लागे. १९८० पासून तर मूल किती, हेही सरकारच ठरवू लागलं.

मुलीच्या शेजारी एक चार वर्षांची चिमुरडी राहते. आई-वडील दोघंही एकुलते. चिनी भाषेत आपल्यासारखेच मामा, मावशी, आत्या यांना वेगवेगळे शब्द आहेत. थोरल्या आणि धाकट्या काकालाही वेगळे. हिला यातलं एकही नातं नाही. माझ्या मुलीला ती ‘आयी’ म्हणते, म्हणजे मावशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा जीव गलबलला.

आता तेच सरकार विनवण्या करतंय. २०१६ पासून दोन मुलांना, २०२१ पासून तीन मुलांना परवानगी आहे, वर पैसेही मिळतात. तरी २०१३ मध्ये १ कोटी ३४ लाख लग्नं नोंदली गेली होती, ती २०२४ मध्ये ६१ लाखांवर आली. एकच मूल, आणि तोही मुलगाच हवा, या हट्टापायी २०२० च्या जनगणनेत बायकांपेक्षा पुरुष सुमारे साडेतीन कोटींनी जास्त निघाले.

आपल्याकडे असा कायदा नसतानाही २०११ मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. एकाच मुलाची सक्ती झाली, तर त्या ८०७ मधल्या किती उरतील? चीनचा दाखला देणाऱ्यांनी याचं उत्तर आधी द्यावं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक